ठमीच्या अक्षरात

पेंटरच्या बायकोला घरात फोन वाजलेला खपायचा नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली होती. "दिवसभर लोकांची बोलणी जोडून देते, घरी आल्यावर मला कुणाचं हॅलो नको," असं ती म्हणायची, आणि तिची माणसंही हे ओळखून होती. तिला कुणी फोन करायचं नाही. पण बोलल्याशिवाय तर तिला राहवायचं नाही. मग ती सगळं बोलणं वर्षभर साठवून ठेवायची आणि नाताळ जवळ आला की कार्डांतून मोकळं करायची.

कार्डातल्या छापील शुभेच्छांकडे ती ढुंकूनही बघायची नाही. आधी डावीकडची कोरी बाजू, मग उजवीकडे उरलेली जागा, मग पाठ, असं करत कार्ड भरून काढायची आणि शेवटची ओळ कडेने उभी चढवायची. पेंटर शेजारी बसून तिकिटं चिकटवायचा.

"अगं, कार्ड पाठवतेयस की कादंबरी?"

"तुम्ही गपचूप चिकटवा. वाकडं लावू नका."

उत्तरं यायला लागली की खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधून ती कार्डं टांगायची. एका वर्षी तर दोन दोऱ्या बांधाव्या लागल्या होत्या, आणि पेंटरसारख्या उंच माणसाला महिनाभर स्वतःच्याच घरात वाकून चालावं लागलं होतं.

पेंटर हे काही त्याचं टोपणनाव नव्हतं, धंदाच तो होता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. दवाखाने, सलून, ट्रकांची मागची फळकुटं, सगळ्यांवर त्याची अक्षरं होती. एखादं गिऱ्हाईक सिगरेटच्या पाकिटावर सही करून द्यायचं, "अशीच्या अशी हवी" म्हणायचं, आणि पेंटर ती सही माणसाएवढी करून भिंतीवर चढवायचा. गिऱ्हाईक खाली उभं राहून म्हणायचं, "ही तर माझीच." पुढे छापील फ्लेक्स आले. पाट्या तासाभरात निघायला लागल्या आणि पेंटरचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभ्या उभ्या वाळून गेले. त्याने फारशी कुरकुर केली नाही. बायकोची पेन्शन होती, घर स्वतःचं होतं, मुलगा दूरदेशी नोकरीला लागला होता.

बायको गेली ती नाताळाच्या तोंडावर. मुलगा आला, सगळं पार पडलं, आणि रजा संपली तसा परत गेला. निघताना म्हणाला, "बाबा, माझ्याकडे चला." पेंटर म्हणाला, "बघू." दोघांनाही ठाऊक होतं की हा विषय इथेच मिटला.

त्यानंतर एकदा टेबलाचा खण उघडला, तर आत तिची कार्डं निघाली. दवाखान्यात जाण्याआधी ती लिहायला बसली होती. काही लिहून झालेली, काहींच्या नुसत्या पाकिटांवर पत्ते घातलेले. लिहून झालेली त्याने पोस्टात टाकली. तिनं लिहिलंय तर ते पोचायला हवं. राहिली ती कोरी. त्यांतून सगळ्यांना कळवावं म्हणून त्याने पेन घेतलं. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की" एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. ते कार्ड त्याने फाडलं. दुसरं घेतलं. मग बायको प्रत्येक कार्डाची जशी सुरुवात करायची तशी त्याने केली: "काय गं, जिवंत आहेस ना?"

अक्षर तिचं उतरलं होतं. तिचा तो पोट सुटलेला 'क', मान मोडल्यासारखी वेलांटी, शिरोरेघ अर्ध्यातच सोडून पुढे पळायची घाई. त्याला त्यासाठी कसले कष्ट पडले नव्हते. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं? आणि एकदा अक्षर तिचं आलं म्हटल्यावर बोलणंही तिचंच यायला लागलं. डाळिंबाचं झाड यंदा रुसलंय. पेंटरच्या गुडघ्यांचा कारखाना बंद पडत आलाय. मुलगा बरा आहे, फोन करतो, मी घेत नाही. त्या दिवशी तो अंधार पडेपर्यंत लिहीत बसला आणि उठला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती.

उत्तरं आली. "तुझं कार्ड आलं की नाताळ आल्यासारखं वाटतं." "तुझ्या तोंडाचा पट्टा अजून तसाच आहे, बरं वाटलं." त्याने दोरी बांधली, कार्डं टांगली आणि खाली खुर्ची टाकून बसला. त्याचं घर त्याला खायला उठत होतं, पण त्या सगळ्या घरांत ती अजून होती. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणाच्या फ्रिजच्या दारावर ती बोलत होती, हसत होती, पेंटरच्या कागाळ्या करत होती. आपण हे जे करतोय ते बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पुढच्या वर्षी सगळ्यांना खरं सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. पुढच्या वर्षीही तेच ठरवलं.

पण लोकच कार्डं पाठवेनासे झाले. स्टेशनरीच्या दुकानात कार्डांचं एक अख्खं कपाट असायचं, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगली होती; कार्डं हवीत म्हटल्यावर दुकानदार खाली वाकून कुठूनतरी खोका काढायचा आणि त्यावरची धूळ फुंकायचा. कोपऱ्यावरची टपालपेटी एक दिवस दिसेनाशी झाली. पोस्टात गेलं तर काउंटरवरची बाई विचारायची, "तिकिटंच हवीत? कुरिअर नको?" आणि आलेल्या कार्डांवरही एकच मजकूर यायला लागला: यापुढे कार्डं काही जमणार नाहीत, आता फोनवरच शुभेच्छा पाठवू, तुझा नंबर कळव.

इथे पेंटरचं घोडं अडलं. अक्षर उचलता येतं, आवाज कुठून आणणार? तो नंबर कळवायचा नाही. मग ते घर गप्प व्हायचं. नाताळागणिक अशी एकेक घरं गेली, आणि प्रत्येक घराबरोबर ती तिथून गेली. मुलगा नाताळच्या सकाळी पेंटरच्या मोबाइलवर घंटा वाजवणारं हलतं चित्र पाठवायचा. पेंटर ते एकदा बघायचा. चित्र संपलं की खोली आधीपेक्षा जास्तच शांत वाटायची.

शेवटी उरली भिंगरी.

भिंगरी म्हणजे बायकोची शाळेतली मैत्रीण. एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी, आणि बायको गुटगुटीत म्हणून ठमी. पेंटरने भिंगरीला आपल्या लग्नात पाहिलं होतं तेवढंच. पुढे ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली आणि दोघींची मैत्री कार्डांवरच राहिली. पण ती कार्डं अशी की, बायको ती वाचून झाल्यावर दोरीवर टांगायची नाही, कपाटात ठेवायची. आता ती पेंटर वाचत होता.

दोन नाताळांपूर्वी भिंगरीने लिहिलं होतं, "ठमे, ह्यांचं विसरणं फार वाढलंय. परवा मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? मुलगी म्हणते, चांगली संस्था आहे, तिथे ठेवू, तूही सुटशील. माझं मन होत नाही. मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. तू सांग, मी काय करू?"

हे कार्ड पेंटर खिशात घेऊन फिरला. फिरायला जाताना, वाण्याकडे, दवाखान्यात, ते खिशात होतंच. ठमीने काय सांगितलं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण लिहायला बसला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती, आणि जे उतरलं ते भलतंच: "घरीच राहू दे त्यांना. ओळखोत न ओळखोत. माणूस घरात असणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, ते माणूस गेल्यावर कळतं. मग हात चोळत बसू नकोस."

पाकीट पोस्टात पडल्यावर त्याच्या मनाला रुखरुख लागली होती. पुढच्या कार्डात भिंगरीने लिहिलं, "ते गेले. घरीच होते, तू म्हणालीस तसे." बाकी कार्ड कोरं होतं. पेंटरने ठमीच्या अक्षरात दोन ओळी सांत्वन पाठवलं आणि स्वतःशीच म्हणाला, चला, निदान घरी तरी गेले.

आणि एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक किडकिडीत म्हातारी उभी होती, पाठीतून वाकलेली, हातात प्रवासाची बॅग.

"भावजी ना? ओळखलं नसेल तुम्ही. मी भिंगरी." ती त्याच्या खांद्यावरून आत बघत होती. "ठमे! ए ठमे! बघ कोण आलंय! मुलीकडे कायमची निघालेय, घर विकलं. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तोंड बघून घेऊ. कुठेय ही? झोपलीय की काय?"

दार धरून तो तसाच उभा राहिला. "आत या," म्हणाला. ती आत आली. बॅग खाली ठेवली. भिंतीवरचा ठमीचा मोठा केलेला फोटो तिला दिसला आणि फोटोखाली त्यानेच रंगवलेल्या तारखा दिसल्या. दुसरी तारीख तिने वाचली. पुन्हा वाचली.

"हे काय लिहिलंय?"

"ती गेली हो."

"केव्हा? नाताळला तर कार्ड आलं मला. तिच्या हातचं."

टेबलावरचा चष्मा उचलून त्याने पुन्हा तिथेच ठेवला. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळायला फारसा वेळ लागला नाही.

"तुम्ही?"

त्याने मान हलवली.

"सगळी? इतक्या वर्षांची?"

"ती गेली तेव्हापासूनची."

भिंगरी खुर्चीत बसली. पेंटरने पाणी आणून दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

"माझा नवरा मला ओळखेना, हे मी माझ्या मुलीला धड सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून पेंटरला ते ऐकणं आणखी जड गेलं. "मी त्यांच्या अंगावर ओरडते, एकदा हातही उचलला, हे मी फक्त ठमीला लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलंत."

"हो."

"आणि मी विचारलं काय करू, तर उत्तर तुम्ही दिलंत."

"हो."

"घरी ठेव म्हणून." तिने ग्लास खाली ठेवला. "मी ठेवलं. मुलीशी भांडून ठेवलं. ठमी म्हणाली म्हटल्यावर मला पुढे विचारच करायचा नव्हता. ते गॅस सुरू करून विसरायचे, दार उघडून रस्त्यावर जायचे. मी त्यांच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधून झोपायचे. उचलता उचलता माझी पाठ गेली, बघताय ना? शेवटी तर ते मला चोर समजायचे. आणि मी रोज मनाशी म्हणायचे, ठमीला कळतंय, ती उगीच नाही सांगायची." तिने त्याच्याकडे पाहिलं. "खरं सांगा. तिने हेच सांगितलं असतं?"

होय म्हणून टाकावं, असं पेंटरच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्याने या बाईचं ओझं थोडं हलकं झालं असतं. पण त्याने तिच्यावर पुष्कळ खोटं लादलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "ती म्हणाली असती, भिंगरे, वेडेपणा करू नकोस. त्यांना चांगल्या जागी ठेव, रोज भेटायला जा आणि आधी स्वतः झोप काढ."

"मग तुम्ही तसं का नाही लिहिलंत?"

"मला ती घरात हवी होती. कशीही. अंथरुणाला खिळलेली असती, मला ओळखलं नसतं, तरी हवी होती. मी तुमचं लिहायला बसलो आणि माझंच लिहून बसलो."

भिंगरीने तोंड फिरवलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग ती उठली, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "कुठे पुरलंय तिला? मला घेऊन चला."

दफनभूमी दूर नव्हती, पण तिच्या चालीने वाट लांबली. पेंटरने बॅग घ्यायला हात पुढे केला, तर तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. दगडावरचं नाव पेंटरनेच रंगवलं होतं आणि दर वर्षी तो रंगाचा हात फिरवायचा. भिंगरी त्या नावापुढे कमरेत वाकून उभी राहिली. पेंटर चार पावलं मागे सरला. ती काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, मधेच रागावून, मधेच नाक ओढून. त्याने ऐकायचा प्रयत्न केला नाही. तिची पत्रं आता त्याने पुरेशी वाचली होती.

परत फाटकाशी आल्यावर तिने विचारलं, "आणखी कुणाकुणाला फसवलंय असं?"

"होते पुष्कळ. आता कार्ड कुणी पाठवत नाही. तुम्हीच शेवटच्या राहिला होतात."

"म्हणजे आजपासून तीही संपली म्हणायची."

पेंटरला हुंदका आवरला नाही. एवढी वर्षं, बायकोला माती देतानासुद्धा, तो लोकांसमोर रडला नव्हता. आता फाटकाचा गज धरून, तोंड वाकडं करून, पोरासारखा रडला. भिंगरीने त्याची समजूत काढली नाही. पण निघूनही गेली नाही. तो सावरेपर्यंत रस्त्याकडे बघत थांबली.

"घरी चला, चहा तरी घ्या," तो म्हणाला.

"नको. बस आहे मला."

बसथांब्यावर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. बस दिसली तशी ती म्हणाली, "घरात फोन आहे का, पेंटर?" आल्या आल्या ती भावजी म्हणाली होती, आता पेंटर म्हणाली. त्याने नंबर सांगितला. तिने मोबाइल डोळ्यांपाशी धरून एकेक आकडा दाबला, कशासाठी ते सांगितलं नाही, आणि मुलीचा पत्ताही दिला नाही. बसमध्ये ती पलीकडच्या खिडकीशी बसली.

ते वर्ष पेंटरने कसंबसं ढकललं. पाऊस झाला, थंडी पडली. स्टेशनरीवाल्याच्या दुकानावरून जाताना त्याने आत पाहिलं नाही. लिहायला कुणी नव्हतं, आणि लिहायचं कुणाच्या हाताने हेही ठरत नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी पोस्टमन आला तो विजेचं बिल घेऊन. "यंदा बाईंची कार्डं नाहीत वाटतं?" त्याने जाता जाता विचारलं. पेंटर दारातच उभा होता. म्हणाला, "बाई वारल्या. पाच वर्षं झाली." पोस्टमनने सायकल थांबवली. "मला माहीतच नाही," म्हणाला. "गल्लीबाहेर कुणालाच माहीत नव्हतं," पेंटर म्हणाला. सायकल वळणापलीकडे गेल्यावरही तो थोडा वेळ दारात राहिला. बाई वारल्या, हे त्याने पहिल्यांदाच आपणहून कुणाला सांगितलं होतं.

नाताळच्या सकाळी मुलाचं हलतं चित्र आलं. दुपारी पेंटरने कालची भाजी गरम केली, जेवला, ताट घासून ठेवलं. खिडकीखालून एक कुटुंब हसत, कसलीशी पाकिटं सांभाळत चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला. तेवढ्यात घरातला जुना फोन वाजला.

"मी भिंगरी बोलतेय."

पेंटरने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "बऱ्या आहात?" म्हणाला.

"पाठ तशीच आहे. ऐकू येतंय ना नीट? इथली सगळी बाहेर गेलीत. मला म्हणत होती चल, पण मला त्या गर्दीत उभं राहवत नाही." मग म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा. हे आधी सांगते."

"जाऊ नये," पेंटर म्हणाला.

"घरी ठेवलं ते सगळंच वाईट होतं असंही नाही. एकदा मधेच शुद्धीत आल्यासारखे झाले आणि म्हणाले, तू अजून इथेच आहेस? बरं झालं. एवढंच. संस्थेत असते तर ते ऐकायला मी तिथे असते की नसते, कुणास ठाऊक. पण तो निर्णय मी ठमीचा समजून घेतला होता. ते मला अजून टोचतं."

"टोचणारच."

"बरं, ते जाऊ दे. त्या दिवशी मी एक विचारलंच नाही तुम्हाला. बस गेल्यावर लक्षात आलं. तिचं काय झालं होतं? शेवटी कशी होती ती? त्रास झाला का तिला?"

पेंटर खुर्ची ओढून बसला. मुलगा आला होता तेव्हा सगळं घाईघाईत उरकलं होतं. शेजारपाजारचे आले, बसले, गेले. आणि बाकी दुनियेला त्याने ती जिवंत असल्याचंच सांगितलं होतं. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मोठी हकिकत आहे," तो म्हणाला. "तुमचा खर्च होईल."

"होऊ दे. सांगा."

"सकाळची वेळ होती," पेंटर म्हणाला. "ती मला हाक मारत होती आणि मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी कपाटावरून काढून द्यायला सांगतेय. मी म्हटलं, थांब जरा. जुने वाळलेले ब्रश उगीच धूत बसलो होतो मी..."

पलीकडून भिंगरी "हं" म्हणाली. पेंटरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि तो पुढे सांगू लागला.